प्रवेश चालू आहेत

परवा एका बाईंनी मला दारातूनच सांगितलं, "हप्ता भरलाय गुरुवारी." पाठीला बॅग, हातात कागदांचा गठ्ठा आणि तोंडावर नको तितकी नम्रता. वसुलीवाला वाटायला आणखी काय लागतं? "नाही हो, मी कॉलेजचा प्राध्यापक," म्हटल्यावर मात्र त्यांनी दारच लावून घेतलं.

जून लागला की आमचं कला-वाणिज्य महाविद्यालय असं गावोगाव निघतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तासांचा कार्यभार लागतो, कार्यभाराला तुकडी लागते, तुकडीला पोरं लागतात. आणि पोरं चाललीत डी. फार्मसीला, नर्सिंगला, बीसीएला. उरलेली भरतीच्या मागे. म्हणून प्रवेशवृद्धी समिती, माणशी 20 प्रवेशांचं टार्गेट, आणि भूगोलाच्या सरांच्या मोटरसायकलवर मागे बसलेला मी, इतिहासाचा.

दूध डेअरीसमोर तात्या भेटले. नाव कुणी सांगितलं नाही, पण सगळा पार त्यांना तात्याच म्हणत होता. त्यांनी आमचं गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक घेतलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवर तंबाखू ओतली आणि निवांत चुना लावायला घेतला. मळून झाल्यावर बोट पुसलं ते सुलट बाजूला, नेमकं प्राचार्यांच्या फोटोवर.

"बीए करून काय हुतंय, मास्तर?"

मी स्पर्धा परीक्षा, बी.एड., कायदा अशी यादी सुरू केली.

"आमचा थोरला बीए हाय," तात्या म्हणाले. थोरला समोर डेअरीत फॅट लावत होता. त्याने मान वर केली नाही. आमचाच माजी विद्यार्थी निघाला की काय, या धास्तीने मीही त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

"धाकटा हाय बारावी झालेला. ग्राउंड हाय का तुमच्यात? त्याला पोलीस भरती करायचीय. सोळाशे मीटर."

मी खुललो. मैदान ही आमच्याकडची एकमेव गोष्ट, जिच्याबद्दल खोटं बोलावं लागत नाही. चांगलं ऐसपैस आहे, कडेने लिंबाची झाडं आहेत, मुरूम टाकलेला आहे, असं मी रंगवून सांगू लागलो.

"ते ठावं हाय. रोज पहाटं तितंच पळतोय त्यो. त्याला अ‍ॅडमिशन कशाला पायजे?"

अख्खा पार हसला. भूगोलाचे सरही हसले, ते मला जास्त लागलं. पण तात्यांचं बरोबर होतं. पहाटे पाचला आमच्या मैदानावर जितकी पोरं असतात तितकी दिवसभरात वर्गांत नसतात. मागचं फाटक मोडलंय, दुरुस्तीला पैसे नाहीत. फ्लेक्सना आहेत, तालुक्यात एक वीजखांब मोकळा नाही.

"आन् पोरींना फी माफ झालीय न्हवं?"

मी समजावलं : ती 2024 पासूनची पूर्ण माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं, बीए त्यात येत नाही.

"म्हंजी तुमचं बिनव्यवसायाचं," तात्यांनी निकाल दिला.

एवढ्यात त्यांची नात डेअरीत किटली ठेवून आली आणि तिने थेट मला विचारलं, "सर, तिसऱ्या वर्षाला इतिहास आहे का? आणि शेवटचा तास कितीला सुटतो?" पहिल्या प्रश्नाने मी इतका हरखलो की दुसऱ्याचं उत्तर खरं देऊन बसलो : पाचला. "मग जमणार नाही. पाचनंतर गावाला गाडी नाही." बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास तरी फुकट असतो, तेरावीला तोही गेला. समितीच्या बैठकीत नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, श्रेणी फ्लेक्सवर किती मोठी छापायची यावर तासभर चर्चा झाली होती. तास लवकर संपवावेत, गाडीसाठी आगाराला पत्र द्यावं, हा विषय नव्हताच. मी काढला तेव्हा 'आयत्या वेळचे विषय' यात टाकला, आणि आयती वेळ आली तेव्हा चहा आला.

शेवटी तात्यांनीच सौदा मांडला. तीन पोरं देतो. फी तुम्ही भरायची, स्कॉलरशिपचा फॉर्म तुम्ही भरायचा, आणि हजेरीचा फोन घरी यायचा नाही. "परीक्षेला येतील. त्यो माझा शब्द."

नातीचं नाव त्या तिघांत नव्हतं. मी विचारलं, तर "तिचं बघू" म्हणाले.

काल सकाळी तात्यांचा फोन. दुसऱ्या कॉलेजचे दोन सर पारावर येऊन बसलेत, तेही फी भरतायत, शिवाय पोरामागे एक सॅक देतायत. तुमचं काय?

विचारून सांगतो म्हटलं. विचारलं. प्राचार्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "होलसेलमध्ये कितीला पडते?"