खापर फोडायला डोकं लागतं

बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यात येऊन थांबली. तेव्हापासून ठाणेकराला कुठेही उशीर झाला की दोष गाडीचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा एवढा रियाज गाठीशी असताना देशात मंदी आली की आपला माणूस गांगरतो, हे शोभत नाही. परवा सकाळी तलावपाळीवर, आमच्या कट्ट्यावर नव्यानेच यायला लागलेले एक सद्गृहस्थ मंदीची कारणं सांगू लागले. कच्चं तेल, बँकांची थकलेली कर्जं, गावाकडे आटलेला खप. तिसऱ्या कारणाला दोघे उठून शहाळं प्यायला गेले. चूक गृहस्थांचीच. मंदी का आली, असं कुणी विचारलंच नव्हतं. कुणामुळे आली, असं विचारलं होतं.

तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून हा प्रपंच.

खापर फोडायचं तर आधी डोकं ठरवावं लागतं, आणि ते ठरवायची सोय आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. संकटं दोनच, अस्मानी आणि सुलतानी. अडाणी माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग शेताकडे, मग तलाठ्याकडे, आणि नंतर कुठे ठरवतो की हे कुठलं. तुम्ही एवढा खटाटोप करू नका. सरकार कुणाचं आहे तेवढं बघा. आपल्यांचं असेल तर अस्मानी, त्यांचं असेल तर सुलतानी. एवढं साधलं की रिझर्व्ह बँकेचा अहवाल उघडायचीही गरज नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये राज्यांची जीएसटीची भरपाई अडली, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करोनाला ‘ॲक्ट ऑफ गॉड’ म्हटलं आणि दिल्लीत केवढा गहजब झाला. आपल्याकडे व्हायचं कारण नव्हतं. देवाची करणी आणि नारळात पाणी, हे आपण बालपणापासून ऐकत आलोय. चारच दिवसांनी आकडा आला: एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था 23.9 टक्क्यांनी आक्रसली होती. नारळ पार कोरडा. आता रोग अस्मानी होता याबद्दल माझंही दुमत नाही. पण 24 मार्चला रात्री आठला सांगून बाराला सगळा देश बंद करणं कुठल्या रकान्यात लिहायचं, असं विचारणारा एक जण कट्ट्यावर आला होता. पुन्हा काही आला नाही.

तुम्ही दुसऱ्या बाजूचे असाल तर खट्टू होऊ नका, तुमच्याकडेही माल भरपूर आहे. इंदिरा गांधींच्या काळात 1972 चा दुष्काळ होता, 1973 मध्ये अरबांनी तेल रोखलं होतं, आणि या दोन्हींनी भागलं नाही तर ‘परकीय हात’ होताच. तो हात कुणी पाहिला नव्हता. पण त्याच्या बोटात अंगठ्या किती, हे छातीठोकपणे सांगणारे आमच्या नौपाड्याच्या चाळीत निदान तिघे होते.

जुनं उकरून भांडायचं असेल तर मात्र 1991 घ्या. स्वतंत्र भारतात इतकं सोयीचं वर्ष दुसरं झालं नाही. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली होती. चंद्रशेखर पंतप्रधान असताना 20 टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं. मग नरसिंह राव आले आणि जुलैत आणखी जवळजवळ 47 टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गेलं. सोनं एकाच घरचं, पेटी उचलणारे दोन. तुम्हाला जो आवडत नसेल तो घ्या. (आमच्या आईने ही बातमी ऐकल्या ऐकल्या हातातल्या पाटल्या काढून पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. सरकार आता घरोघर येणार, असा तिचा अंदाज. तिची कारणमीमांसा कट्ट्यावरच्या कुणाहीपेक्षा वाईट नव्हती.) आता कुणी म्हणेल की आधीच्या दशकभर तूट फुगत गेली होती, सद्दामने कुवेत घेतल्यावर तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. खरं आहे. सगळंच खरं आहे, आणि तीच तर अडचण. सगळ्यांवर थोडं थोडं फुटलेल्या खापराने कुणालाच टेंगूळ येत नाही.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. नोव्हेंबर 2019 मध्ये राज्यसभेत अर्थमंत्र्यांनी सांगितलं की वाढीचा वेग कमी झाला असेल, पण ही मंदी नाही आणि कधी होणारही नाही. इंग्रजीत हे जमून जातं, कारण त्यांच्याकडे स्लोडाउन वेगळा आणि रिसेशन वेगळं. मराठीची पंचाईत अशी की आपल्याकडे दोन्हीला मंदीच म्हणतात. धंदा बसला की मंदी, बसायला टेकला की मंदी, दुकानदार सकाळपासून माशा मारतोय तरी मंदी. त्यामुळे आपल्या पक्षाची बाजू मांडताना शक्यतो इंग्रजीत मांडा, आणि त्यांचं सरकार आलं की लगेच मातृभाषेवर या. भाषेचं प्रेम दाखवायला एवढी चांगली संधी 27 फेब्रुवारीलाही मिळत नाही.

शब्दांनी भागलं नाही तर आकडे. चालू वर्षाचा आकडा हलवायला अवघड, लगेच डोळ्यावर येतो. मागच्या वर्षांचा हलवावा. नोव्हेंबर 2018 मध्ये जीडीपीची जुनी वर्षं नव्या पद्धतीने मोजली, तेव्हा 2010-11 ची वाढ 10.3 टक्क्यांवरून 8.5 वर आली. ज्या वर्षी आपण कमावलं आणि खाल्लंही, ते वर्ष आठ वर्षांनी गरीब झालं! पद्धत बदलायची शास्त्रीय कारणं असतात, आणि ती होतीही. मजा एवढीच की त्याच साली, तीन महिने आधी, दुसऱ्या एका समितीने जुनी वर्षं मोजली होती आणि तिला ती बरीच श्रीमंत आढळली होती. तुम्ही दोन्ही आकडे पाकिटात ठेवा. समोर कोण बसलाय ते बघून काढायचे.

आता मुख्य मुद्दा. आभाळ झालं, शेजारी झाला, मागचं सरकार झालं, तरीही खापर हातात शिल्लक राहिलं तर ते फोडायला एक डोकं कायम मोकळं असतं. जनतेचं. यात पक्षभेद नाही, इथे सर्वांचं एकमत दिसतं. 2012 मध्ये काँग्रेसचे मंत्री चिदंबरम म्हणाले होते की लोक पाण्याच्या बाटलीला पंधरा रुपये देतात, आइस्क्रीमला वीस देतात, पण गहू-तांदूळ रुपयाने महागला की बोंब मारतात. पुढच्या वर्षी रुपया घसरू लागला तेव्हा त्यांनी लोकांना सोनं घेऊ नका म्हणून विनवलं. त्याच सुमारास त्यांच्याच पक्षाचे राज बब्बर यांना मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळत होतं. पत्ता मात्र त्यांनी दिला नाही. आणि सप्टेंबर 2019 मध्ये मोटारी खपेनात, तेव्हा सीतारामन यांनी एक कारण असंही सांगितलं की नवी पिढी गाडीच्या हप्त्यात अडकण्यापेक्षा ओला-उबर आणि मेट्रोने जाणं पसंत करते.

माझा मेहुणा वागळे इस्टेटमध्ये गाळा चालवतो. तीन लेथ, एक मिलिंग, गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉब वर्क. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त पडली होती आणि ट्रकचं त्याहून वाईट होतं. मेहुण्याचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. दोन पोरं गावी गेली ती गेलीच. मी त्याला पेपरातलं ओला-उबरचं वाचून दाखवलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, “भावोजी, मी ट्रकचे बुश करतो. माणसं ट्रकसुद्धा ओलावर बोलवायला लागली काय?”

अशा माणसाला चर्चेत घेऊ नका, हा माझा कळकळीचा सल्ला. त्याला कारणं माहीत असतात. आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी 2018 च्या सप्टेंबरात कर्ज फेडू शकली नाही आणि गाडीला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले, हे त्याला माहीत होतं. नव्या गाडीचा काही वर्षांचा विमा एकदम भरायला लागायचा, हे माहीत होतं. ट्रकवर जास्त वजन लादायची परवानगी मिळाली म्हणजे तेवढ्याच मालाला ट्रक कमी लागणार, हेही. एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम, बीएस-6, येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलंय, हे तर पार्टीचा खरेदीवालाच त्याला सांगून गेला होता, ऑर्डर निम्मी करताना. 20 सप्टेंबरला कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आला, तेव्हा मी पेढे घेऊन गाळ्यावर गेलो. त्याने पेढा खाल्ला आणि शांतपणे सांगितलं की सवलत कंपन्यांना आहे, त्याचा धंदा प्रोप्रायटरीचा आहे. एवढं सगळं डोक्यात असलेला माणूस “कुणामुळे?” या साध्या प्रश्नाला धड एक नाव देऊ शकत नाही. नोटाबंदीत पगार कसे भागवले विचारा, जीएसटीचा परतावा कधी आला विचारा, तासभर बोलेल. नाव विचारलं की लेथ सुरू करतो.

त्यापेक्षा आमच्या सोसायटीतले काका बघा. ऑगस्ट 2013 मध्ये डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला तेव्हा देशाची अब्रू गेली म्हणून त्यांना दोन रात्री झोप नव्हती. जुलै 2022 मध्ये डॉलर 80 ला पोचला आणि काका घोरत होते. त्या ऑक्टोबरात अर्थमंत्र्यांनी रुपया पडत नसून डॉलर मजबूत होतोय असा खुलासा केला, पण काकांना तो तीन महिने आधीच समजला होता. दुसऱ्या विंगमधले त्यांचे मित्र बरोबर उलटे: 2013 ला त्यांच्या मते अमेरिकेच्या धोरणाचा दोष होता आणि 2022 ला अब्रू गेली. दोघांनी एकमेकांना पाठवलेले मेसेज मी जपून ठेवलेत. फक्त तारखा आणि नावं बदलली की दोघांनाही पुन्हा वापरता येतात. मीही वापरलेत, उगाच कशाला लपवा.

पुरावा कुणी मागितला तर गर्दी दाखवा. ऑक्टोबर 2019 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मुंबईत सांगितलं होतं की एका दिवसात तीन सिनेमांनी 120 कोटी कमावले, मग मंदी कुठाय? दुसऱ्या दिवशी त्यांनी विधान मागे घेतलं. ही त्यांची चूक. ठाण्यात असं विधान कुणी मागे घेत नाही. घोडबंदर रोडला दीड तास अडकलात? मागणी जोरात आहे. मॉलमध्ये पार्किंग नाही? लोकांकडे पैसा आहे. मॉलमध्ये शिरलेल्यांपैकी किती जण फक्त एसी खाऊन परत येतात, हे कोण मोजणार. उलट बाजू मांडायची असेल तर रिक्षात बसा. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज! सगळे नाके कंपन्यांच्या नावाचे, आणि उतरावं तर समोर टॉवर नाहीतर फ्लायओव्हर. रेमंडचा ठाण्यातला कारखाना 2009 मध्ये बंद झाला आणि तिथेही इमारती उभ्या राहिल्या. कारखाने कुणामुळे गेले, यावर युनियनवाले मालकाचं नाव घेतात, मालक युनियनचं, दोघे मिळून सरकारचं, आणि सरकार जमिनीच्या भावाचं. जमिनीचा भाव बिचारा मुका.

एवढी तयारी झाली की प्रत्यक्ष सराव करा. मी गेल्या महिन्यात तीन हात नाक्याजवळच्या टपरीवर केला. मेहुणा सोबत होता. कटिंग चहा दहाचा बारा झाला होता. म्हणजे राज बब्बर यांचं एक पूर्ण जेवण. मी जय्यत तयारीनिशी विचारलं, “दोन रुपये वाढले ते कुणामुळे?”

टपरीवाला म्हणाला, “वरूनच वाढलंय साहेब.”

“वरून म्हणजे? दिल्लीहून की मंत्रालयातून?”

त्याने गाळणं टेबलावर आपटलं आणि नुसतं बोट वर केलं. मी वर पाहिलं. वर मेट्रोचा पूल होता आणि पुलाच्या कठड्यावर, बरोबर माझ्या डोक्याच्या वर, एक कावळा बसला होता. मेहुण्याने तोवर चोवीस रुपये मोजून ठेवले होते.

“भावोजी,” तो म्हणाला, “जरा बाजूला सरका.”