आत जागा नाही

अँटिबायोटिकच्या तिसऱ्या दिवशी घसा मोकळा होतो आणि त्याचं पाहून पोटही. मग कडी लावून आपण काल काय खाल्लं याची चौकशी करत बसतो. माझ्या मते त्या जेवणाचा बहुतेकदा काहीच हात नसतो; हात असतो तो गोळीने हाकललेल्या आतल्या जिवाणूंच्या गैरहजेरीचा.

अंगात ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. (हा अंदाज २०१६चा. त्याआधी 'पेशींच्या दहापट जिवाणू' असं ठोकून आम्ही वर्षानुवर्षं भाव खाल्ला.) मोठं आतडं म्हणजे रेल्वेचा गच्च भरलेला डबा. आतल्यांचं आपसात पटत नाही, पण दारात नवा दिसला की सगळ्यांची कोपरं एकदम बाहेर. साखर आधीच फस्त, लोह पळवलेलं, वर हवाही तोडलेली. हे लोक अन्नातले तंतू आंबवून ब्यूटिरेट नावाचं एक छोटं आम्ल करतात. अस्तराच्या पेशी ते जाळताना ऑक्सिजन संपवतात, आणि साल्मोनेला या जुलाब लावणाऱ्या जिवाणूला तर तो हवा असतो. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन उंदरांचा डबा रिकामा केला, तेव्हा आजारी पाडायला एरवी लाखभर साल्मोनेला लागायचे तिथे दहाच्या आतच काम भागलं.

माझा लाडका मात्र याच डब्यातला एक जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. यकृताकडून आलेल्या पित्ताम्लांपैकी थोडी निसटून मोठ्या आतड्यात पोचतात. हा त्यांच्यातला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढून टाकतो. बस, एवढंच. पण अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणाऱ्या डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू (कवचात झोपलेलं त्याचं रूप) कच्च्या पित्ताम्लाने जागे होतात आणि या सुधारित पित्ताम्लात त्यांची वाढ खुंटते. दोघं मूळचे एकाच कुळातले. डिफिसिलचं आडनाव अलीकडे बदललंय. भाऊबंदकी, दुसरं काय!

अँटिबायोटिकला हे राजकारण कळत नाही, ते डबाच खाली करतं. म्हणून विषाणूच्या सर्दीला ते मागू नये. गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांतही दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब, ताप किंवा रक्त दिसलं, तर डॉक्टर गाठावा; जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नये. सॅनिटायझर डिफिसिलच्या बीजाणूंना आंघोळीसारखं वाटतं, हात साबण-पाण्यानेच धुवावेत. प्रोबायोटिक, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या गोळ्या? २०१८च्या एका प्रयोगात ते घेणाऱ्यांचे मूळ रहिवासी उलट उशिरा परतले.

डिफिसिल पुन्हा पुन्हा उलटलाच, तर निरोगी माणसाची विष्ठा, नीट तपासून, पातळ करून, गाळून आत सोडतात. २०१३च्या चाचणीत १६पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. यावर नाक मुरडायचीही सोय नव्हती. नळी नाकातूनच घातलेली होती.