पाहुण्यांची ओटी कशी भरावी

घरच्या मैदानावर हरणं येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने गेल्या शनिवारी ते करून दाखवलं. तुम्हीही माझ्यासारखे एमएस करायला अमेरिकेत येऊन वीस वर्षं त्याच गावात रुतला असाल, तर हा सल्ला कामी येईल.

पाहुणे पारखून बोलवा. एखादं लहान विद्यापीठ गाठायचं, दहा-बारा लाख डॉलर मोजायचे आणि सांगायचं: या, मार खा, चेक घ्या. रीतसर करार होतो. पाहुणे चेकबरोबर सामनाही घेऊन गेले, की ओटी भरली असं समजावं.

पार्किंगचे चाळीस डॉलर हसत द्या.

पारदर्शक पिशवीतून घरचा चिवडा न्या. दारावरचा पोरगा तो उजेडात धरून न्याहाळेल आणि कचऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवेल. आत सात डॉलरचे गार नाचो आहेतच.

टीव्हीवरच्या जाहिराती संपेपर्यंत बावीस पोरं कमरेवर हात ठेवून उभी असतात. तेवढ्या वेळात श्लोक पाठ करा, बरेच होतात.

आता मुख्य सल्ला. जिंकत असाल तर भ्या. २४-२१ अशी आघाडी आहे, दोन मिनिटंसुद्धा उरलेली नाहीत, पाहुण्यांचे टाइमआउट संपलेत, चेंडू तुमच्याकडे, त्यांच्या टोकापासून ३८ यार्डावर. चौथा डाऊन, म्हणजे दहा यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा, आणि हवा आहे एक यार्ड. तो मिळाला, की क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या म्होरक्याने, तीनदा गुडघा टेकून घड्याळ संपवायचं आणि आपण गाडी शोधायला निघायचं. अशा वेळी काय करावं? पंट! लाथ मारून चेंडू सोडून द्यावा. तो थेट मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, जाऊ द्यावा, म्हणजे नियमाप्रमाणे २० यार्डावर ठेवून पाहुण्यांच्या हवाली होतो. कमाई किती? अठरा यार्ड. शेवटच्या षटकात एक धाव हवी असताना कर्णधाराने डाव घोषित करावा, तशातली ही गत. मग तिघांनाच पुढे धाडून बाकीच्यांना मागे उभं करा, पाहुण्यांना बारा-बारा यार्ड खिरापतीसारखे वाटा. ऐंशी यार्ड त्यांनी सात चेंडूंत संपवले. २८-२४. माझ्या शेजारचे आजोबा १९८० पासून त्याच बाकावर बसतात. त्यांनी टोपी काढली, घडी केली, खिशात घातली आणि अवाक्षर न बोलता जिना उतरले.

घरी येताना इतिहासाचा शेक घ्या. २००७ साली मिशिगनसारखं बलाढ्य विद्यापीठ घरच्या मैदानावर लहानशा अ‍ॅपलॅचियन स्टेटकडून ३४-३२ हरलं. २०२४ मध्ये नोटर डेमला नॉर्दर्न इलिनॉयने त्यांच्याच अंगणात १६-१४ असं लोळवलं, तरी ते पुढे राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेले. हे मी गाडीत मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पुढे बघून चालव."

प्रशिक्षकाला काढा म्हणून ओरडू नका. काढायलाही पैसे लागतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशरला घरी पाठवलं, तेव्हा त्याचं देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर होतं. लग्नापेक्षा काडीमोड महाग.

आणि ज्याच्या डोक्यावरून शेवटचा पास गेला, त्या एकोणीस वर्षांच्या पोराला फोनवरून शिव्या घालणाऱ्या शहाण्यांनो, लाज वाटू द्या. तो धावत होता. तुम्ही नाचो खात होता.

राहिले आमचे प्रशिक्षक. सामन्यानंतर माइकसमोर म्हणाले, "अंमलबजावणीत पोरं कमी पडली." अहो, एक यार्ड! माझी मुलगी झोपेत कूस बदलते तेव्हा तेवढी सरकते. तुमच्या आघाडीच्या फळीतली ती दीडदीडशे किलोची पाच पोरं हात वर करून विनवत होती, आम्हाला राहू द्या म्हणून. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्हीच त्यांना बोट दाखवून बाहेर बोलावलंत. एकाने हेल्मेट बाकड्यावर आपटलं, तो आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. कमी कोण पडलं, साहेब? त्यांना मैदानात राहू दिलंत कुठे?