चापाजी टिळेकरांना विसरू नका

पेशवे नारायणरावांच्या खुनावरच्या आणि शनिवारवाड्यातल्या भुताच्या गोष्टीवरच्या लेखातलं 'नारायणरावांना वाचवायला कुणीच पुढे आलं नाही' हे वाक्य अजिबात पटलं नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले तेव्हा चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्या १८ वर्षांच्या पोराच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबतच तोडला गेला, आणखीही काही नोकरमाणसं त्या दिवशी मेली, त्यांचं नाव तरी घ्या ना! आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे? नारायणरावांचे काका राघोबादादा गादीवर असताना त्यांनाच या खुनात दोषी ठरवणं ही काय साधी गोष्ट आहे का, त्यावर एक ओळ नाही.

आम्ही शनिवार पेठेतच वाढलो, 'काका मला वाचवा'ची हाक अमावस्येला ऐकू येते हे आजीकडून ऐकलंय, पण आजी हातोहात नारायण दरवाजाही दाखवायची, वाड्याच्या दक्षिणेकडचा, प्रेत इथून बाहेर काढलं म्हणून ते नाव असं सांगायची. आता पोरं रात्री मोबाईल घेऊन दिल्ली दरवाजासमोर रील काढत बसतात. भुताची गोष्ट सांगा, जरूर सांगा, पण निदान जीव देणाऱ्या माणसाला तरी त्यातून गाळू नका.