तोंडाला काय लावतेस आणि कुर्ता कुठून घेतलास?

गेल्या रविवारी भाचीचं डोहाळजेवण झालं. झोपाळा, फुलांची वाडी, बर्फी की पेढा, सगळं यथासांग. जेवताना दोन जणींनी मला दोन प्रश्न विचारले. एकीने विचारलं, "तोंडाला काय लावतेस गं हल्ली?" दुसरीने विचारलं, "कुर्ता कुठल्या दुकानातला?" दोघींचाही उत्तर ऐकून हिरमोड झाला. तोंडाला लावते ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, आणि कुर्ता सात वर्षांपूर्वीचा, धुऊन धुऊन आटलेला, खाली खणाची पट्टी जोडून लांब केलेला. दोघींच्या चेहऱ्यावर असा भाव, की मी काहीतरी लपवतेय. काही बायका भाजणीचं प्रमाण विचारलं की "अंदाजाने घेते गं" म्हणतात ना, तसं. म्हणून इथे सगळं प्रमाणासकट लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी तोंडाचं.

धाकट्याच्या वेळी मला वांग आले. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर, तपकिरी नकाशा. बाळंतपणानंतर जातील म्हणाले सगळे. काहींचे जातात, माझे गेले नाहीत. त्यात मी पुण्यातली स्कूटरवाली, सिंहगड रोडवरून रोज भर दहाच्या उन्हात जाणारी. एकदा एका दुकानात कुणीतरी "हे लावा ताई, सगळे हेच नेतात" म्हणून छोटी ट्यूब हातात दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की मी आरशाच्या प्रेमात. तीन महिन्यांनी एक दिवस लावायची राहिली, तर गाल टोमॅटोसारखे लाल आणि पाणी लागलं तरी आग. हनुवटीवर लव वाढलेली. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं मला वाचायला लावली. त्यात स्टेरॉइड होतं. खाज-इसब यांसाठी थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावायचं औषध मी पावडर लावावी तसं रोज चेहऱ्याला चोपडत होते. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियमही कडक झाला, पण "सगळे हेच नेतात" हे वाक्य कुठल्याच नियमात बसत नाही. चेहरा ताळ्यावर यायला आठ महिने गेले.

यातला माझा वाटा मी नाकारत नाही. मला वांग घालवायचे नव्हते, मला गोरं व्हायचं होतं. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं, आणि २०२० मध्ये त्याच्या नावातून 'फेअर' गेलं. मधली पंचेचाळीस वर्षं आमच्या पिढीच्या डोक्यातून कशी जाणार? आणि हे फक्त डोक्यापुरतं राहत नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका आजाराच्या रुग्णांमध्ये गोरं करणारी क्रीम लावणारेच जास्त सापडले, आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. गालावर लावलेलं मूत्रपिंडापर्यंत जातं, हे वाचल्यापासून बिनलेबलाची डबी कितीही जवळच्या माणसाने दिली तरी मी घेत नाही. नणंदेने दिली तरी नाही. (नणंदबाई हे वाचतात. वाचू देत.)

तर माझ्या आवडत्या वस्तू. हसाल, पण चारच आहेत.

पहिलं, फेस न होणारं साधं फेसवॉश. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. वडीचा साबण ९-१० वर. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर जो ताण बसतो, ज्याला आपण "स्वच्छ वाटतंय" म्हणतो, तो कोरडेपणा असतो. साबण मी चेहऱ्यावरून निवृत्त केला. त्याला दुसरी नोकरी लावली आहे, ती पुढे सांगते.

दुसरं, ग्लिसरीन असलेलं कुठलंही वास नसलेलं मॉइश्चरायझर, ओलसर चेहऱ्यावर. कुठलंही म्हणजे खरंच कुठलंही. चारशे आणि चौदाशेच्या बाटल्या मी एकेका गालावर महिनाभर लावून पाहिल्या. नवऱ्याला फरक ओळखता आला नाही, पण त्याला मी केस कापलेलेही ओळखता येत नाहीत. मला आला नाही, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरं सनस्क्रीन, आणि यावर मी जरा जास्त बोलणार. एसपीएफ, म्हणजे डबीवरचा ऊन अडवण्याचा आकडा, ३० आणि ५० यांत जाहिरात दाखवते तेवढं अंतर नाही. ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडवतं, ५० साधारण ९८. खरं अंतर आपण किती लावतो त्यात पडतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही भरून दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. आपण लावतो मटारच्या दाण्याएवढं आणि म्हणतो याने काही होत नाही. एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतो. यूव्हीए म्हणजे उन्हातले दुसऱ्या जातीचे किरण, त्यांच्यासाठी डबीवर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं बघायची. यूव्हीए काचेतूनही आत येतात, त्यामुळे खिडकीपाशी टेबल असलेल्यांनी "मी कुठे उन्हात जाते" म्हणू नये. वांग असतील तर किंचित रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं, कारण नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दहा वर्षं पांढरं सनस्क्रीन फासून भुतासारखी फिरलेली होते.

चौथं भिरंडेल. कोकणातल्यांना सांगायला नको. कोकमाच्या बियांचं तेल, पण थंडीत दगडासारखं घट्ट. माझी रत्नागिरीची आजी गोळा चुलीपाशी धरून टाचांच्या भेगांत भरायची. मी गोळा चमच्यात घेऊन गॅसवर धरते, रात्री टाचांना चोपडते आणि वर जुने मोजे. भेगांना याच्याइतकं गुणाचं मला दुसरं मिळालेलं नाही. त्याच्या खालोखाल कैलास जीवन, आमच्या पुण्याचंच. मुलांचं खरचटणं, माझं भाजणं, सासऱ्यांची खाज, सगळ्याला घरात पहिलं उत्तर तेच. सासऱ्यांना तर तो प्रसादच वाटतो.

आणि लिंबू? नको. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात, भाजल्यासारखे, आणि महिनोन्महिने राहतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, हेही नको. उटणं दिवाळीत लावते. वाळा-नागरमोथ्याच्या त्या वासाशिवाय नरकचतुर्दशीची पहाट होत नाही म्हणून. वांग त्याने जात नाहीत, आणि जावेत अशी अपेक्षाही नाही.

आता या सगळ्याचा शिवणकामाशी संबंध काय? स्कार्फ.

पुण्याच्या बाईचा स्कार्फ हा तिचा अर्धा चेहरा. मी आईच्या जुन्या सुती साडीचा केला होता, इतका मऊ की बांधलाय हे कळू नये. डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला. पलीकडची कडुनिंबाची फांदी दिसत होती! पातळ पांढऱ्या सुती कापडातून पाचातला एक हिस्सा ऊन आत येऊ शकतं, ओलं झालं की आणखी. म्हणजे घामेजला स्कार्फ ही चाळणीच. दाट विणीचं, गडद रंगाचं कापड कितीतरी पटीने बरं. म्हणून मी नवऱ्याचा कॉलर झिजलेला गडद निळा शर्ट घेतला आणि त्याचा सनकोट केला. कॉलर उसवून काढली, गळ्याला त्याच कापडाची तिरकी पट्टी लावली (सरळ पट्टी गळ्याच्या गोलाईवर बसत नाही, चुण्या पडतात), आणि मनगटापुढे चार इंचांची पट्टी जोडून अंगठ्यासाठी मोठं काजं केलं. हाताचा पाठचा भाग झाकला गेला. आईच्या साडीचा स्कार्फ मात्र टाकला नाही, आतून निळा कपडा लावून दुहेरी केला. मऊपणा गालाला, निळा उन्हाला.

खुणेसाठी खडू लागत नाही. साबणाची वडी झिजून पातळ पापुद्रा उरतो ना, तो वाळवून ठेवा. धार असते, गडद कापडावर रेघ सुरेख उठते आणि धुतली की जाते. निवृत्त साबणाची दुसरी नोकरी ही.

शाळेत शिवणाच्या तासाला चार टाके शिकवले होते: धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काजं. त्यावर मी आजवर सगळं निभावलंय. मशीन आहे, पण दुरुस्तीला ते काढायचं म्हणजे जेवणाचं टेबल मोकळं करा, बॉबिन भरा. त्यापेक्षा मालिका बघता बघता हाताने होतं.

कुर्त्याचं सांगते. तळाची दुमड उसवली की दीड इंच मिळतो, पण जुन्या दुमडीची फिकट रेघ राहते आणि ती सगळं बिंग फोडते. व्हिनेगर-पाणी शिंपडून इस्त्री केली तर थोडी कमी होते. माझी गेली नाही. म्हणून बरोबर त्या रेघेवर खणाची पट्टी. खण आधी मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला, कारण त्याचा रंग जातो, आणि पांढऱ्या कुर्त्यावर पहिल्या धुण्यात होळी होते. मिठाने रंग पक्का होतो असं आई म्हणते. मला वाटतं जाणारा जास्तीचा रंग निघून जातो, एवढंच. पट्टी पुढे वेगळी, मागे वेगळी, म्हणजे बाजूचे कट मोकळे राहतात. खणाचे धागे फार सुटतात, म्हणून आतून सुती अस्तर. लागली एक संध्याकाळ आणि लाल दोऱ्याचं अर्धं रीळ. उरलेल्या खणाचा कुर्त्याच्या बाजूच्या शिलाईत खिसा केला. बायकांच्या कुर्त्यांना खिसे न देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, पण ते वेगळ्या पोस्टमध्ये.

फॉल. स्वतः लावत असाल तर तुळशीबागेतून आणल्यावर आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती फॉल आटतो, साडी तितकी आटत नाही, आणि मग पहिल्या धुण्यानंतर काठ वाकडा-तिकडा गोळा होतो. दोष साडीला लागतो. हेच नव्या सुती पँटचं. मी एक लिननची पलाझो नवी कोरी कापून आखूड केली आणि मग धुतली. त्यानंतर ती घोट्याच्या इतकी वर गेली की मुलगा म्हणाला, "आई, नदी ओलांडायचीये का?" आधी धुवा, घालायच्या चपलांसकट उभ्या राहा, टाचण्या लावा, धावदोऱ्याने टाचून दिवसभर वापरून बघा. कात्री शेवटी. नवीन क्रीम आधी कानामागे लावून दोन दिवस थांबतो, तितकाच धीर इथे.

आणि ब्लाउज. दर लग्नसराईत एक दृश्य असतं: बाई आरशापुढे, ब्लाउज काखेत काचतोय, आणि ती म्हणते, "मी जाड झाले." अगं, आतून बघ तरी. बाजूला दोन-तीन समांतर टिपा असतात, पलीकडे इंच-दीड इंच मार्जिन. तू बदलणार हे शिंप्याने माप घेतानाच गृहीत धरलेलं असतं. आतली एक टीप उसव, दहा मिनिटांचं काम. दोन्ही बाजूंची सारखी उसव, नाहीतर हुकपट्टी तिरकी जाते. मार्जिन संपलं असेल तर काखेत चौकोनी तुकडा बसवता येतो, हात वर केला तरच दिसतो. त्यासाठी ब्लाउजपीसचा उरलेला कपडा शिंप्याकडून मागून घ्यायचा. लाजायचं नाही, आपले पैसे आहेत.

तर काल रात्री भाची पिशवी घेऊन दारात. सातवा महिना, दम लागलेला, आत पाच ब्लाउज. "मावशी, तूच म्हणालीस ना उसवता येतात?" तिच्याही गालावर वांग दिसायला लागलेत. आधी तिच्या पर्समधलं रेटिनॉलचं सीरम काढून ठेवलं, गरोदरपणात ते नको, आणि बाकीचं तिच्या डॉक्टरांना विचार म्हटलं. सनस्क्रीनच्या दोन रेघा कशा काढायच्या ते दाखवलं. मग ब्लाउज घेतले. चार उसवले, छान झाले. पाचवा शालूवरचा, तोच तिला बारशाला घालायचाय, आणि त्याला आत पाव इंचही मार्जिन नाही. उरलेला पीस कुठाय विचारलं.

"मावशी, त्याचा तू बटवा शिवला होतास. माझ्या रुखवतात."

बटवा उसवायला घेतलाय.