वीस खाटांच्या दीडशे खाटा कशा कराव्यात

सगळ्यात आधी अभिनंदन. वीस खाटांचं तुमचं नाशिकमधलं हॉस्पिटल जोरात चाललंय, ओपीडीच्या चपला पार जिन्यापर्यंत येतात, म्हणजे मल्टिस्पेशालिटी व्हायची वेळ झालीच. पण त्यासाठी आडगावकडं नाहीतर त्र्यंबक रोडला वगैरे जागा बघायला जाऊ नका हं, तिकडं रस्ता रुंद, अँब्युलन्स सरळ आत, त्यात काय मजा. वाढायचं ते इथंच, गंगापूर रोडच्या मागं आमच्या गल्लीत, जिथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला पार कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यापर्यंत रिव्हर्स जावं लागतं.

मुंबईवाल्यांचं एक वेळ समजू शकतो. सात बेटं जोडून केलेलं शहर, आजूबाजूला समुद्र, परळमध्ये केईएम, टाटा, वाडिया सगळी एकमेकांना खेटून, त्यांना वर जाण्याशिवाय गत्यंतरच नाही. आपल्याकडं समुद्र नाही हे मान्य, पण जुलैत तासभर पाऊस लागला की आमची गल्ली पण बेटच होते, तेव्हा जागेची टंचाई हे कारण तुम्ही बिनधास्त सांगा.

मग एक शब्द पाठ करा. रुग्णसेवा. झाडाचं विचारलं, रुग्णसेवा. धुळीचं विचारलं, रुग्णसेवा. तरी कुणी ऐकेना तर हळूच विचारायचं, "काका, उद्या तुम्हालाच रात्री दोनला छातीत दुखलं तर?" आमच्या सोसायटीचे चेअरमन या प्रश्नावर तक्रारीचा कागद घडी घालून खिशात ठेवून घरी आले, मी बरोबर होतो.

पर्यावरणाचं टेन्शन घेऊ नका. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरण मंजुरी लागते ती बांधकाम २०,००० चौरस मीटरला गेलं तर. तुमचं तेवढं होत नाही, म्हणजे परिणामही होत नाही. परिणाम कसा असतो, १९,९९९ पर्यंत गप्प बसतो आणि पुढच्या मीटरला उठतो.

आता प्लॉटमधला तो कडुनिंब. झाडांचा कायदा १९७५ चा, पण २०२१ च्या दुरुस्तीनं भानगड केलीये, पन्नास वर्षं झालेलं झाड हेरिटेज आणि तोडलंच तर जेवढं त्याचं वय तेवढी नवीन झाडं लावायची. म्हणून वय एकोणपन्नासवर थांबवा, सिनेमातले हिरो थांबवतात ना. आमच्याकडचे एक आजोबा म्हणतात वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा झाड होतंच, पण त्यांची शुगर तुमच्याकडंच असते, ते किती बोलणार. दुसरा उपाय म्हणजे बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतून वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, दोन उन्हाळे थांबायचं, आणि मग झाड वाळून धोकादायक झालंय असा अर्ज आपणच करायचा, काळजीपोटी. फारच सज्जन असाल तर पुनर्रोपण करा, फांद्या छाटून, बुंध्याला गोणपाट गुंडाळून, मखमलाबादकडं कुठंतरी नेऊन उभं करायचं, अगदी प्लास्टरमधल्या पेशंटसारखं. फोटो पहिल्याच दिवशी काढा, महिन्यानं नको. आणि तपोवनात कुंभमेळ्याच्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, झाडं तोडायचं निघालं तेव्हा केवढं रान उठलं पाहिलंत ना, तिथं चूक हीच झाली की सगळी एकदम मोजली. तुम्ही एकेक घ्या.

तळघर तर पाहिजेच. आपल्याकडं वरची माती संपली की मुरूम आणि मुरूम संपला की काळा पाषाण, तो काही कुदळीनं निघत नाही, ब्रेकर लावायचा. आमच्याकडं तीन महिने चालला, देवघरातली घंटा आपोआप किणकिणायची आणि आई हात जोडायची. खड्ड्यात पाणी लागलं तर पंप लावून रात्रंदिवस गटारीत सोडा, नितळ पाणी होतं हो, मी खाली वाकून बघितलं, आणि मागच्या बंगल्यातली विहीर जी कधी आटलेली नव्हती ती मार्चात तळाला गेली. हा योगायोग आहे असं सांगा.

पाण्याचा हिशोब मात्र कुणाला करू देऊ नका, कारण तो सोपा आहे. सरकारी मापात घरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात, हॉस्पिटलच्या खाटेला ३४०, आणि खाटा शंभराच्या वर गेल्या की खाटेमागं ४५०. दीडशे खाटा म्हणजे ६७,५०० लिटर, म्हणजे ५०० माणसांचं पाणी. आमच्या अख्ख्या गल्लीत तेवढी माणसं नाहीत, दिवाळीला पुण्याची पोरं आली तरी. गंगापूर धरणातनं येणारी आमची लाइन तीच जुनी, त्यामुळं टँकर येणार, आणि टँकर आला की अँब्युलन्स थांबणार, पण ते उद्घाटनानंतर.

कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत आणि रंगीत आहेत, पिवळी, लाल, पांढरी, निळी. त्यात विनाप्रक्रिया कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही असं म्हटलंय, तर सण आणि रविवार तासात मोजू नका. कचऱ्याची खोली मागच्या बाजूला घ्या, म्हणजे तुमची मागची, आमची ती स्वयंपाकघराची खिडकी. परवा गल्लीतलं कुत्रं निळा हातमोजा तोंडात धरून पळत होतं आणि मागं तीन पोरं, त्यांना वाटलं फुगा.

मग पाटी लावा. शांतता क्षेत्र. २००० च्या नियमांप्रमाणं हॉस्पिटलपासून १०० मीटरपर्यंत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. यामुळं आमच्या चौकातला डीजे बंद झाला, हे चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू. पण जनरेटरला त्याच्या डब्यापासून एक मीटरवर ७५ डेसिबल चालतात, आणि साइड मार्जिन, म्हणजे बाजूला मोकळी सोडायची जागा, वापरून टाकल्यावर आमची बेडरूम काही फार लांब राहत नाही. म्हणजे पाटी आम्ही वाचायची, जनरेटरला वाचता येत नाही. एसीच्या युनिटांची तोंडं पण आमच्याकडं करा. पूर्वी कुरडया वाळवायला गच्चीवर जावं लागायचं, आता गॅलरीत एका दुपारी वाळतात, फक्त जरा काळ्या होतात, डिझेलच्या. आणि भुलीचा गॅस, पेशंट जेमतेम वापरतो, बाकीचा पाइपनं बाहेर, त्यातला डेसफ्लुरेन शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट उष्णता धरतो. पण त्याला रंग नाही, म्हणजे तक्रार नाही.

शेवटी उद्घाटन. शेजाऱ्यांना विसरू नका, विशेषतः ज्यांनी तक्रारीवर सह्या केल्या होत्या त्यांना, कुंडीत एक तुळस द्या आणि फ्री चेकअपचं कूपन द्या. मला पण मिळालं, फुकट आहे म्हणून गेलो. बीपी १५० वर. तरुण डॉक्टर होते, फार चांगले बोलले, म्हणाले, "झोप नीट लागते का?" म्हटलं लाइट आली की लागते, कारण मग जनरेटर बंद होतो. ते हसले आणि एक गोळी लिहून दिली, रोज रात्री, खालीच मेडिकलमध्ये मिळेल म्हणाले. मिळाली. मेडिकल कुठंय म्हणाल तर मंजूर नकाशात पार्किंग दाखवलंय ना, तिथंच.