‘चूक चालकाची, मग रस्त्यावर खर्च कशाला?’

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: “नव्वद टक्के अपघात चालकाच्या चुकीने होतात. मग कठडे, पदपथ, वेगमर्यादा ही सगळी उधळपट्टी. त्यात लोकांचा वेळ जातो. आणि जिवाची किंमत पैशात मोजणं तर अमानुषच.”

आधी चालकाच्या चुकीचा मुद्दा बघू. माणूस चुकणारच, हे धरूनच रस्ता बांधायला हवा. स्वीडनने १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं. तिथल्या सुमारे १३ मीटर रुंद दुपदरी रस्त्यांवर समोरासमोरच्या धडकांत माणसं मरत होती. मोठं चौपदरीकरण न करता त्याच रुंदीत त्यांनी तीन मार्गिका आखल्या. मधली मार्गिका ओव्हरटेकसाठी आलटून पालटून एकेका दिशेला दिली आणि दोन दिशांच्या मध्ये पोलादी तारांचा कठडा ओढला. गाड्या त्या तारांवर आदळतात, दुरुस्तीला पैसे लागतात, किरकोळ अपघात तर वाढलेच. पण मृत्यू जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटले. चालक तेच होते आणि चुकतही होते.

वेळेचं नुकसान खरं आहे, ते हिशेबात धरलंच पाहिजे. पण किती? ताशी ६० ऐवजी ५० च्या वेगाने दहा किलोमीटर जायला दोन मिनिटं जास्त लागतात. उलट सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. शिवाय एका मोठ्या अपघाताने तासन्‌तास तुंबलेल्या वाहतुकीचा वेळ कोण मोजतं?

राहिला जिवाच्या किमतीचा मुद्दा, आणि इथेच मला सगळ्यात जास्त चीड येते. ही किंमत कुणा एका माणसाची नसते. मृत्यूचा धोका थोडासा कमी व्हावा म्हणून लोक किती पैसे मोजायला तयार असतात, त्यावरून ती काढतात. आकडा लिहिलाच नाही, तर प्रकल्पाच्या खर्च-फायद्याच्या तक्त्यात जीव शून्य रुपयांना जातो. नुसती बुडालेली कमाई धरली, तर घर सांभाळणारी बाई आणि म्हातारी माणसं हिशेबातून जवळजवळ गायब होतात. अमानुष ते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर मेली. बहुतेक देशांना अपघातांपायी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे तीन टक्क्यांचा फटका बसतो. कठड्याचं बिल रस्तेखात्याच्या नावावर पडतं, वाचलेला पैसा मात्र रुग्णालयाचा आणि घरच्यांचा असतो. म्हणून कठड्याची निविदा तपासताना उपचार, अपंगत्व आणि बुडालेला रोजगार हे रकाने त्याच तक्त्यात हवेत.